सहा नंबरचा रिलीव्हर

२१ एप्रिल, सोमवार
आलो बुवा जळगावात! धुळ्याहून एस.टी.त दोन तास उभा होतो, तरी मन खूश. चटईच्या कारखान्यात पहिल्या पाळीचा सुपरवायझर, सात ते तीन. आईला फोन केला, तिने शेजारणीला तिथूनच ओरडून सांगितलं. सहा नंबरच्या लूमवर जीवराम आबा आहेत, धरणगावचे. दुपारी त्यांनी कळण्याची भाकरी अन् भरीत माझ्यापुढे सरकवलं, खानावळीचं किती दिवस खाशील म्हणाले. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच: बठ्ठं बरं शे, सगळं छान आहे. वडील गेल्यापासून मला असं बळेबळे कुणी जेवू घातलं नव्हतं.

३० एप्रिल, बुधवार
एक खोड मोडायलाच हवी. तीनचा भोंगा झाला की सगळे लूम तसेच चालू टाकून पळतात. दुसऱ्या पाळीचे येतात रमतगमत, तोवर धागा तुटून चटई वाया. आज फळ्यावर ठळक लिहिलं, रिलीव्हरच्या, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाच्या, हातात मशीन दिल्याशिवाय कुणी जागा सोडायची नाही. माणसं कुरकुरली. आबांनीच समजावलं त्यांना, पोरगा भल्याचंच सांगतोय म्हणे. मी जाम फुशारलो.

९ मे, शुक्रवार
पंचेचाळीस डिग्री. पावणेतीनला आबा म्हणाले, छातीत कसंतरी होतंय, जाऊ का? त्यांचा रिलीव्हर चिंधा आला नव्हता. मी म्हणालो, नियम तुम्हीच मोडलात तर बाकीच्यांना काय सांगू? थांबा थोडं. बरं म्हणाले आणि उभे राहिले. चिंधा सव्वातीनला आला, तोवर आबा लूमपाशी पडले होते. दवाखान्यात नेलं, पण सगळं आधीच संपलं होतं.
मी मारलं त्यांना. दुसरं काय म्हणायचं याला?

१८ मे, रविवार
दशक्रियेला धरणगावला गेलो. झाडावर कावळेच कावळे, पिंडाला एक शिवेना. आबांच्या बायकोने, लताबाईंनी, लेकीचं लग्न लावीन म्हटलं, धाकट्याला शिकवीन म्हटलं. छे! शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. मग त्या माझ्याकडे आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, ते अजून घरी आले नाहीत, तुम्ही त्यांना सुटी दिली का, भाऊ? नाहीतर मीच येते त्यांना न्यायला.

१९ मे
सहा नंबर बंद आहे, वायर काढलेली. तीनला चालू झाला. आबा उभे होते, दाराकडे बघत, सदरा घामाने ओला. मी ओरडलो, जा आबा, सुटी झाली, मी सांगतो ना! त्यांनी नुसतं फळ्याकडे बोट दाखवलं.

२० मे
फळा घासघासून पुसला. आबा तिथेच. चिंधाला समोर उभं केलं. आबांनी हात पुढे केला, पण चिंधाला दिसलेच नाहीत. ज्याचं आतडं तुटतं त्यालाच दिसतात बहुतेक. मग लताबाई आल्या तर — त्यांना दिसतील. त्या हात धरतील, अन् सहा नंबर त्यांच्या गळ्यात पडेल. नाही. त्यांना येऊ द्यायचं नाही.
आबा रडत होते. मेल्यावरही छातीतली कळ थांबत नाही का माणसाची?

२१ मे
तीनला मीच गेलो. हात पुढे केला. थंड नव्हता हो त्यांचा हात — चांगला गरम होता. छातीवरचा दुसरा हात त्यांनी खाली घेतला, माझ्या डोक्यावरून फिरवला. गेले.
लताबाईंचा फोन. दारात भात ठेवला होता, कावळा शिवला म्हणे. रडत होत्या. मीही.
सहा नंबरपासून पाय उचलत नाही —

२२ मे
रजिस्टरच्या पाठीवर लिहितोय. फोन बंद पडला. चिंधा दोनदा समोरून गेला. साहेब कुठे गेले, विचारतोय सगळ्यांना. छातीत कळ — आबांचीच —

२३ मे, बहुतेक
आई आली धुळ्याहून. दारात उभी आहे, माझा फोटो एकेकाला दाखवत —
उन्हातून आली. पाणीसुद्धा नाही दिलं कुणी.
इकडे बघितलं. आई, दिसलो तुला?
हसली. हात पुढे करून येतेय — नको, आई, हात नको धरू, मी बरा आहे, तू जा, आई, हात —