पत्र्याच्या खोपटासमोरचा फोटो

साकोली,
१९ जानेवारी १९८६

प्रिय रुखमिणी,

“पाहुणा दारात आला का पहिले लुगडं बदलाव, मंग पाणी द्याव,” असं तुझी आई, गिरजामावशी म्हणायची. आसगावच्या शाळेत आपण दोघी चौथीत होतो तेव्हा. पाहुणा तहानेनं मेला तर, असं विचारलं की ती म्हणे, “मरते कायचा! पण आपल्याले चिखलात पाहून गेला, तं जलमभर तेच सांगन.” आपण पोट धरून हसायचो. गेल्या आठवड्यापासून ते हसू सारखं आठवतं.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत दिल्लीच्या त्या प्राध्यापकांना मी तुझ्याकडे घेऊन आले. आमच्या कॉलेजच्या व्याख्यानमालेत ते पुढे जानेवारीत बोलणार होते: जगाचं राजकारण, माणसांची स्थलांतरं, जंगल-पाण्याचा कारभार कुणी करावा. धरणात गाव गेलेलं एखादं कुटुंब त्यांना पाहायचं होतं. तू नुकतीच धानाच्या बांधीतून आली होतीस, गुडघ्यापर्यंत चिखल. “थांब वो सुलू, लुगडं बदलून येतो, मंग काढा फोटो,” तू म्हणालीस. मीच म्हटलं, राहू दे गं, एक असाच काढू. मग तू आणि तुझी निर्मला पत्र्याच्या खोपटासमोर उभ्या राहिलात. गाव उठवल्यावर सरकारनं दिलेलं ते खोपट. आता त्यात तुमची बैलं असतात, हे मला माहीत होतं. नंतर तू हिरवं लुगडं नेसून आलीस, आणि सुखरामभावजींनी बांधलेल्या कवेलूच्या छपराच्या पक्क्या घरासमोर दुसरा फोटो झाला.

व्याख्यानाच्या आदल्या संध्याकाळी सरांनी दोन्ही माझ्यापुढे ठेवले. मी चिखलातला निवडला. चांगलं घर दाखवलं तर लोकांना दुःख कसं पटणार, असा माझा शहाणा विचार. तू येणार हे ठाऊक होतं, मीच तुला आणि निर्मलेला पुढच्या रांगेत बसवलं. शहापूरचे टेकचंदभाऊ, निर्मलेचे होणारे सासरे, तुझ्यासोबत होते. त्यांना तू हसत सांगत होतीस, “भाऊ, घर पाहाले यालच, पण आज पडद्यावरच पाहून घ्या.” ते मी ऐकलं. सरांकडे जाऊन फोटो बदलायला वेळ होता. मी गेले नाही.

तुम्ही दोघी भिंतीएवढ्या दिसलात. सर इंग्रजीत बोलत होते, मी मराठीत सांगत होते. “यांना आज घर नाही,” हे सभागृहानं माझ्या तोंडून ऐकलं. मागची पोरं माना उंचावून निर्मलेकडे पाहू लागली. टेकचंदभाऊ म्हणाले, “विहीणबाई, खरं घर कोन्तं वो तुमचं?” तू निर्मलेचा हात धरून निघून गेलीस. मी हाक मारली नाही. मला आभारप्रदर्शन करायचं होतं. ते केलं, आणि टाळ्याही घेतल्या.

काल बाजारात तुझी जाऊ उषाबाई भेटली. शहापूरचे लोक घर पाहायला आलेच नाहीत, म्हणाली. त्यांच्याकडे बायका म्हणतात, “सरकारी पत्र्याखालची पोरगी कायले आणता?” निर्मला घराबाहेर पडत नाही. आणि तुझा निरोप: “सुलूले सांग, आमच्या घराबद्दल आता कोनाजवळ बोलू नको.”

माफी मागायला मला तोंड नाही, आणि ती मागायला मी लिहीतही नाही. मला येत्या रविवारी शहापूरला जायचं आहे. टेकचंदभाऊंच्या ओसरीवर, त्यांच्या बायकामाणसांसमोर बसून सांगायचं आहे की तो फोटो मी निवडला, आणि घर नाही हे मी खोटं बोलले. तुमच्या ओसरीवर मी स्वतः जेवले आहे. पण ते सांगायचं तर तू जे बोलू नको म्हणालीस, तेच पुन्हा चार लोकांत बोलावं लागेल. तुझ्या परवानगीशिवाय आता मी तोंड उघडणार नाही. तू नाहीच म्हणशील, तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तरी विचारते, रुखमे, जाऊ का?

तुझीच, तू मानलंस तर,
सुलोचना