पुढची काच

७ मार्च

ती. ताई,

नमस्कार. तुमचं पत्र आणि बाबांसाठी पाठवलेली लोकरी बंडी मिळाली. बाबांनी ती तिथल्या तिथे अंगात घातली, आता धुवायलाही काढून देत नाहीत. "पोरीनं पाठवलीय, मळू दे," म्हणतात. त्यांची तब्येत बरी आहे. लेकीची परीक्षा तोंडावर आलीय आणि ती अभ्यासाचं पुस्तक सोडून बाकी सगळं वाचते. आम्ही बरे आहोत.

बरे आहोत असं लिहिलं खरं, पण आपली पिकअप गेली. कारखान्यातून काचा भरून येताना चढावर इंजिनानं जीव सोडला. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि पुन्हा लावून टाकलं. ह्यांनी विचारलं, "काही होण्यासारखं आहे?" तो म्हणाला, "आहे ना. कोंबड्यांचं खुराडं मस्त होईल."

तेव्हापासून भाड्याच्या टेम्पोवर चाललंय. तुम्हाला सांगायला नको, काच उभी न्यावी लागते, लाकडी घोड्याच्या तिरक्या चौकटीला टेकवून, पट्ट्यांनी आवळून. टेम्पोवाल्याला वाटलं आडवी ठेवली की जागा वाचेल. शाळेच्या खिडक्यांचं काम आपल्या काचेच्या दुकानाला मिळालंय, त्याची पहिली खेप आम्ही तुकडे घमेल्यात भरून परत आणली. ठेकेदार म्हणाला, महिनाअखेर काचा बसल्या नाहीत तर काम दुसऱ्याला. ते काम गेलं तर दुकान उघडं ठेवण्यात काही अर्थ राहत नाही, हे आम्ही दोघंही एकमेकांना न सांगता जाणून आहोत.

आता घरात एकच विषय. नवी की जुनी? हे म्हणतात जुनी. कोपऱ्यावरचा पाववाला त्याची पिकअप विकायला काढतोय. "नवी घेतली की पहिला ओरखडा पडेपर्यंत माणसाला झोप नाही. जुनीवर सगळे ओरखडे आधीच पडलेले असतात." मी म्हणते नवी घ्या. जुनी घेणं म्हणजे दुसऱ्याचं दुखणं पैसे देऊन घरी आणणं. हप्ते डोक्यावर बसतील, कबूल. पण त्याच गाडीत काचा जाणार, त्याच गाडीत लेक शाळेला जाणार, बाबांना दवाखान्यात न्यायचं तेही त्याच गाडीत. ती चढावर बंद पडून चालणार नाही.

बाबांना विचारलं तर म्हणाले, "मला दोन्ही सारख्याच चकचकीत." आणि स्वतःच हसत बसले.

मी स्वतःलाही विचारून पाहिलं, की मला नवी हवी ती खरंच काळजीपोटी, का शेजारणीनं गॅलरीतून बघावं म्हणून? थोडं तेही असेल. पण नवी गाडी म्हणजे पुढची दहा-पंधरा वर्षं दुकान चालणार असं कुणीतरी लिहून दिल्यासारखं वाटतं. अलीकडे हे पुढच्या वर्षांचं काही बोलतच नाहीत. कामाचा ताण असेल.

तुम्ही एक शब्द लिहा. माझ्याशी ते वाद घालतात, तुमचं ऐकतात.

तुमची
वहिनी

१६ मार्च

ती. ताई,

नमस्कार. "नवी घ्या आणि वाद संपवा," हा तुमचा निकाल मिळाला. तुमची चिठ्ठी आली त्याच्या आदल्याच दिवशी आम्ही पाववाल्याची गाडी बघून आलो होतो. तिथे जे झालं ते नीट क्रमानं लिहिते. रोजनिशीत दोनदा लिहायला घेतलं आणि दोन्ही वेळा हवापाण्यावरच पान संपलं.

गाडीला आतून भाजलेल्या पिठाचा वास होता. पाववाल्याचं तोंड चालूच. "वहिनी, हिच्यात पावापेक्षा जड काही ठेवलं असेल तर नाव बदलीन. माझ्या बायकोलासुद्धा बसवलं नाही." आतून बायको म्हणाली, "बसवलं असतंत तर विकायची पाळी आली नसती."

मग ह्यांनी आपल्या घरची तपासणी सुरू केली. लग्नानंतर तुम्हीच मला पहिल्यांदा दाखवला होता तो काचेच्या कोपऱ्यातला बारीक शिक्का, ज्यात बनवणाऱ्याची खूण आणि साल असतं. सगळ्या काचांवर साल एकच असेल तर गाडीला मोठा मार बसलेला नाही. पुढच्या काचेचं साल वेगळं असेल तर ती कधीतरी फुटलीय, आणि ती उगाच फुटत नाही. दुसरे लोक टायरला लाथ मारून बघतात, आपल्याकडे आधी शिक्का वाचतात. लग्नाच्या वऱ्हाडाच्या गाडीतसुद्धा तुम्ही भावंडं वाकून वाचत होता, आणि माझे मामा म्हणाले होते, हे लोक काय हरवलंय ते शोधतायत?

हे वाकले. काचेच्या कोपऱ्यात बराच वेळ शोधत राहिले, मग अंगठा फिरवला आणि सरळ होत म्हणाले, "मूळचीच आहे."

मी त्यांच्या खांद्यावरून शिक्का वाचला. बनवणारा वेगळा, साल दारांच्या काचांपेक्षा बरंच अलीकडचं. पोरालाही कळलं असतं.

मला वाटलं, चाळिशी लागली आणि चष्मा करून घेत नाहीत. पाववाल्यासमोर नको, म्हणून गप्प बसले. खरं सांगते, थोडा आनंदही झाला. घरी गेल्यावर नव्या गाडीच्या बाजूनं माझ्याकडे पक्कं कारण असणार होतं. त्या आनंदाची मला आता किळस येते.

पाववाला म्हणाला, एक चक्कर मारून या. आम्ही दोघंच निघालो. बाजाराच्या रस्त्याला लागल्यावर माझ्या बाजूनं एक बाई सायकलवर, पुढे पिशव्या लटकवलेल्या, अगदी आमच्या बरोबरीनं चालली होती. हे गाडी तिच्या अंगावर घेऊ लागले. सावकाश, अगदी निवांत, रस्ता मोकळा असल्यासारखे.

मी म्हणाले, "अहो, सायकल."

हे म्हणाले, "कुठं?"

ताई, चिडून नव्हे हो. खरोखर विचारलं. मी स्टेअरिंगला हात घातला. बाई कडेच्या मातीत उतरली, पडली नाही, पण तिनं मागून जे शब्द वापरले ते आम्ही ऐकले. ह्यांनी गाडी बाजूला घेतली आणि चावी बंद केली. मग म्हणाले, "तू मध्येच हात घालू नकोस. त्यानं घोटाळा होतो." मी बरं म्हणाले. बरं म्हणण्यासारखं त्यात काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

मोठी काच दोघं नेतात तेव्हा पुढचा माणूस वाट बघतो आणि मागचा त्याच्या पावलांवर पाऊल टाकतो. लग्न झाल्यापासून मी ह्यांना कायम पुढे पाहिलं. गेल्या वर्षापासून ते मागची बाजू धरतात. "पाठीला बरं पडतं," म्हणाले होते. मी पाठीला लावायचं तेल आणून दिलं.

मला हे सगळं आत्ता सुचतंय, की सुचलेलं होतं आणि मी तिकडे पाहत नव्हते?

पाववाल्याची गाडी मी नको म्हटलं. कारण सांगितलं नाही. तुमच्या भावाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे यायला कसंबसं तयार केलंय. चष्म्याचंच असेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तुमची
वहिनी

२४ मार्च, रविवार

ती. ताई,

हे पत्र मी शब्द मोडून लिहितेय. फोन करत नाही, कारण बाबा दारामागेच बसलेले असतात आणि त्यांच्या कानातून काही सुटत नाही. त्यांना हे कळता कामा नये. लेकीच्या मैत्रिणीचे वडील उद्या तुमच्याकडे यायला निघतायत, त्यांच्या हाती देतेय. एकट्यानं वाचा.

डॉक्टरीणबाईंनी ह्यांना एका यंत्रासमोर बसवलं. आत कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी बाजूला उभी होते. ठिपके चमकत होते आणि बटण दाबलं जात नव्हतं. ह्यांना वाटत होतं परीक्षा अजून सुरू व्हायचीय.

त्या म्हणाल्या, डोळ्यांतला दाब वाढून मागची नस सुकलीय. बाजूचं दिसणं आधी जातं, आणि इतकं हळू जातं की माणसाला पत्ता लागत नाही. गेलेलं परत येत नाही. थेंब रोज, आयुष्यभर, म्हणजे उरलेलं टिकवता येईल. गाडी आजपासून बंद.

मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाचे डोळे गेलेत का? हे म्हणाले, "वडिलांचे. पण ते भट्टीनं गेले. काचेच्या भट्टीवर होते."

"भट्टीनं असे जात नाहीत," त्या म्हणाल्या. "हेच असणार. रक्तातून येतं. भावंडं आहेत?"

हे म्हणाले, "नाही."

मी शेजारच्या खुर्चीत होते, ताई. बाईंनी कागदावर 'नाही' लिहिलं आणि मी ते लिहू दिलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अहो, ताई नाहीत?"

"तिला काय होणारे? ती भट्टीच्या जवळपास कधी फिरकली नाही."

"त्यांनी आत्ताच सांगितलं ना, भट्टीचा संबंध नाही म्हणून."

"त्यांना काय ठाऊक भट्टी म्हणजे काय असते." मग माझा हात धरून म्हणाले, "तिला कळवायचं नाही. कळलं की ती येणार आणि माझ्या हातातून चावी काढून घेणार. लहानपणापासून तिचं तेच. शपथ घे." मी घेतली. रस्त्यावर माणसं बघत होती.

तुमचा भाऊ वाईट नाही हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमालच. त्यांनी तुम्हाला नाही म्हटलं ते घाबरून. बाबा कसे झाले ते त्यांनी रोज पाहिलंय. बाबांना सकाळी आरशासमोर उभं करून दाढी तेच करून देतात.

आता गाडीचं. गेल्या बुधवारी ते एकटे जाऊन नवी पिकअप ठरवून आले. पैसे भरले. मला पावती दाखवली आणि म्हणाले, "तुला हवी होती ना?" मी म्हटलं, जुनी जुनी म्हणून आकाशपाताळ एक करत होतात, आता काय झालं? तर म्हणाले, "तेव्हा वाटत होतं दोन-तीन वर्षं काढायची, मग बघू. आता बघू म्हणायला काय राहिलंय? दिसतंय तोवर एक तरी कोरी गाडी चालवतो."

"डॉक्टरांनी बंद सांगितलीय."

"मला समोरचं दिसतं. अगदी स्वच्छ दिसतं. शिक्का वाचू का तुझ्या कपाळावरचा?"

ड्रायव्हर ठेवू म्हटलं तर जेवणावरून उठले. पैसे परत आणा म्हटलं तर म्हणाले, "शाळेच्या काचा डोक्यावरून नेऊ?" गाडी नसेल तर दुकान जातं. गाडी आली तर ते चालवणार. ज्या गाडीसाठी मी महिनाभर भांडले ती आता रस्त्यातच जळून जावी असं मनात येतं, आणि मग हप्ते आठवतात, आणि असं मनात आणणारी मी कोण झालेय असं वाटतं.

शुक्रवारी सकाळी गाडी मिळणार. लेक शाळा बुडवून सोबत जाणार, पुढच्या सीटवर, काचेशी, म्हणजे नेमकी त्यांना न दिसणाऱ्या बाजूला. तिला काय सांगून अडवू? तिला काही माहीत नाही. बापानं तिला शब्द दिलाय.

तुम्ही या. त्यांना गाडी शिकवली ती तुम्ही, चावी काढून घेण्याचा हक्क कुणाला असेल तर तो तुम्हाला. मी मागितली तर ते बायकोनं मागितली असं होईल.

पण त्याआधी दुसरं, आणि ह्यासाठीच खरं तर पत्र लिहिलं. तुम्ही मागच्या चिठ्ठीत खाली लिहिलं होतंत, की तुमच्या फाटकाचा खांब तुमच्या गाडीच्या आरशाच्या वाईटावर आहे. एकदा आरसा मोडला, नवा बसवला, तर त्यानं तोही मोडला. बिल्डरनं फाटक अरुंद केलं म्हणून तुम्ही त्याला दोन शिव्याही लिहिल्या होत्या. मी वाचून हसले होते. बाबांना वाचून दाखवलं, तेही हसले. डॉक्टरांकडून आल्यावर मी ती चिठ्ठी पुन्हा काढली. ताई, त्या फाटकातून तुम्ही किती वर्षं गाडी काढताय?

कदाचित खांबच तसा असेल. माझं आता असं झालंय की कुणाचा पेला हातातून पडला तरी मी आधी त्याच्या डोळ्यांकडे बघते. पण तुम्ही उद्याच्या उद्या डोळे दाखवा. डॉक्टरांना सांगा, वडिलांना आहे, भावाला आहे. भट्टीचं नाव काढू नका.

आणि या, पण गाडी घेऊन येऊ नका. मला माहीत आहे, हे वाचून तुम्ही पहिल्यांदा चावीच उचलाल. उचलू नका. बसनं या. आधी डोळे दाखवायचे, मग बस दोन ठिकाणी बदलायची, त्यात शुक्रवार कदाचित चुकेल. चुकला तर चुकला. तोवर मी शोरूमच्या दारात गाडीच्या पुढ्यात उभी राहीन. समोरचं त्यांना दिसतं.

तुमच्या बसची वाट पाहणारी,
वहिनी