करंजाचं भिजलेलं पोतं

९ ऑक्टोबर १९५६
करंजाच्या तेलाचा आजही साबणच झाला. तिसऱ्यांदा. स्पिरिट नि कॉस्टिक घालून ढवळलं की ग्लिसरीन खाली बसायला हवं, वर डिझेलसारखं पातळ तेल. पण पातेलंभर नुसता लगदा. रामसिंग मिस्त्री म्हणाला, "साहब, इंजन छोड़ो, धोबी रख लो." हे हसले. जेवले मात्र नाहीत.

१२ ऑक्टो.
येत्या एक तारखेला आमचं मध्य भारत राज्य संपणार. नव्या राज्याची राजधानी भोपाळ. खात्यानं यांना कळवलंय: महिनाअखेर या तेलावर इंजिन चाललं तर प्रयोगासकट भोपाळ, नाही तर प्रयोग बंद, इथेच मुरारच्या गोदामावर नेमणूक.
आमची कुसुम पाय आपटते, "मी नाही जाणार भोपाळ-वोपाळ! मेरी सारी सहेलियाँ यहीं हैं."
तिला रागावले. माझी सोळा वर्षांची शाळेतली नोकरी, पाटणकर बाजारातून पायी जायची ती वाट… मी कुणाजवळ पाय आपटू?

१५ ऑक्टो.
इथेच लिहिते. श्रावणात कोठीची खोली गळली, बियांचं एक पोतं भिजलं. हे तापानं फणफणलेले, म्हणून सांगितलं नाही. गच्चीवर वाळवून पुन्हा शिवून ठेवलं. तेल त्याच पोत्याचं चाललंय. बुरसटल्या बीचं तेल आंबतं, त्यात कॉस्टिक पडलं की साबण. यांनीच मागे समजावलं होतं. कोरडं पोतं माळ्यावर आहे.
तेव्हा गप्प राहिले ती मायेनं. आता गप्प आहे ती…

१८ ऑक्टो.
पुन्हा साबण. आधी यांनी तराजूला दोष दिला, मग स्वतःला. "मला काही येत नाही गं. इतकी वर्षं नुसता पगार खाल्ला." बोटं कॉस्टिकनं सोललेली. खोबरेल लावलं.

१९ ऑक्टो.
भिजल्या पोत्याचं सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "माळ्यावरचं पोतं काढ."

२४ ऑक्टो.
भांड्यात स्वच्छ दोन थर! इंजिन आधी खोकलं, कडवट धूर ओकलं, मग धडधडू लागलं. मिस्त्री ओरडला, "चल पड़ा, बाईजी!" यांचे डोळे भरलेले. धुरानं, म्हणे.

२८ ऑक्टो., रविवार
उद्या सकाळी अकराला खात्याचे साहेब इंजिन बघायला येणार. चहा घेताना हे कपात बघत म्हणाले, "तू उशिरा का सांगितलंस, ते कळलं मला. तू म्हणशील तर उद्या इंजिन चालणार नाही."
"सदरा कोणता काढू?"
"मी सदऱ्याचं विचारत नाहीये."
नको म्हणायला तोंड उघडलं. हो म्हणायलाही. तेवढ्यात कुसुम आली, दोन्ही राहिलं.
पांढरा काढून ठेवलाय.