दाव्याला बांधलेला निबंध

सर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. पण आपलं म्हणणं पहिल्याच वाक्यात मांडावं, आडवळणानं येऊ नये, हे तुम्हीच शिकवलंत, म्हणून मांडलं.

तुमचे वडील निजामाच्या कोर्टात वकील, तुमचं सगळं शिक्षण उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांची भाषा बदलली, तुमची काही बदलली नाही. कॉलेजात वरच्या वर्गाचं इंग्रजी शिकवताना निबंधाचे भाग तुम्ही आम्हाला कोर्टाच्याच भाषेत सांगायचात. आधी दावा, मग गवाह, मग जिरह. म्हणजे पुस्तकाबद्दल तुमचं म्हणणं काय, पुस्तकातली कुठली ओळ त्याला साक्ष देते, आणि त्या ओळीला उलटसुलट प्रश्न विचारले की तिच्यातून काय निघतं. गोष्ट सांगत बसणाऱ्यावर तुम्ही खेकसायचात, 'गोष्ट मला माहीत आहे, तुझं म्हणणं सांग.' आणि एक वाक्य तर दर तासाला ठरलेलं, 'प्रत्येक परिच्छेद दाव्याला बांधा, सुटला की गेला.'

आमच्या फर्दापूरकडच्या घरात कोर्टाची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. दावं मात्र रोज हातात असायचं, गाय खुंट्याला बांधायची दोरी. गवाह आणि जिरह हे शब्द मी नुसते पाठ केले, पण 'दाव्याला बांधा' ऐकलं आणि बरं वाटलं, सर निदान एक वाक्य तरी आपल्यासारखं बोलले. वसतिगृहात बसून मी कागदाच्या मधोमध खुंटा काढायची, त्याच्याजवळ माझं म्हणणं लिहायची आणि प्रत्येक परिच्छेदापासून खुंट्यापर्यंत दोरी ओढायची. जी दोरी पोचत नसे, तो परिच्छेद खोडायची. मग लिहायला बसायची.

सहामाहीला तुम्ही नेमलेल्या कादंबरीवर निबंध लिहायला दिलात. त्यातली विधवा शेवटी मुलाचं घर सोडून निघून जाते. सगळ्यांनी लिहिलं की ती धाडसी आहे. मी लिहिलं की ती घर सोडत नाही, घरानं तिला आधीच सोडलेलं आहे, कारण नवरा वारल्यानंतर पुस्तकभर ती त्या घरात एकदाही बसलेली दिसत नाही. स्वयंपाकघरात उभी, जिन्यात उभी, पाहुणे आले तरी उभी. मला ते शोधावं लागलं नव्हतं. आमच्याकडं आत्या माहेरी परत आली तेव्हापासून तशीच उभी असायची. पुस्तक वाचताना मला तिचेच पाय दिसत होते.

दोन दिवसांनी तुम्ही मला स्टाफरूममध्ये बोलावलंत. दुपारचा चहा चाललेला, दोघं-तिघं प्राध्यापक बसलेले. माझा निबंध तुमच्यासमोर उघडा पडलेला आहे आणि त्यावर लाल पेन्सिलीची एकही खूण नाही. तुम्हाला राग आला की तुमची अदब वाढायची, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"बसा, बाईसाहेब," तुम्ही म्हणालात. मी बसले नाही.

"हा निबंध कुणाकडून लिहून घेतला?"

"मीच लिहिला, सर."

"ती बाई पुस्तकात कुठंच बसत नाही, हे एकाही गाईडात नाही. मी इतकी वर्षं ही कादंबरी शिकवतोय, माझ्या ध्यानात आलं नाही. आणि तुमच्याकडं, शेणामातीत..." पुढचं तुम्ही बोलला नाहीत. चहा ओतणाऱ्या सरांचा हात थांबला. "खरं काय ते सांगा. नाहीतर मी वडिलांना बोलावून घेतो."

आबांनी मला औरंगाबादला ठेवताना एकच अट घातली होती. एक जरी बोल लागला, तर त्याच दिवशी गाठोडं बांधायचं. आबा आले असते तर त्यांनी खरंखोटं विचारलंही नसतं. मास्तर खोटं कशाला बोलतील, म्हणाले असते, आणि दिवाळीनंतर माझं लग्न लावून दिलं असतं. प्रयत्नानं शिकलेली शहरी मराठी कुठल्या कुठं गेली.

"म्याच लिवलाय, सर. आईशप्पथ."

"शपथेवर फैसला होत नसतो," असं म्हणून तुम्ही कोरा कागद पुढं सरकवलात. "त्या विधवेचा मुलगा दुष्ट आहे की नाही? आराखडा करा. इथंच, माझ्यासमोर."

मी उभ्यानंच लिहायला घेतलं. खुंटा वाकडा आला. त्याच्याजवळ लिहिलं, मुलगा दुष्ट नाही, भित्रा आहे. पहिली दोरी ओढली, तो आईशी दर वेळी दारातूनच बोलतो, आत येत नाही. दुसरी, बोलतो तेही छपराच्या गळतीबद्दल. तिसरी, ती जाताना तो रडतो. तिसऱ्या दोरीकडं मी बराच वेळ बघत राहिले आणि खोडून टाकली.

"का खोडलं?" तुम्ही पुढं झुकलात. "रडणं तर तुमच्या बाजूचा गवाह."

"दुष्ट माणूसबी रडतो, सर. त्यानं काय ठरत नाय."

तुम्ही कागदावर बोट ठेवून विचारलंत, "आणि हे मधे काय काढलंय?"

"खुंटा, सर. आन् हे दावं. तुमीच म्हणले होते ना, दाव्याला बांधा."

बाकीचे सगळे हसले. एकानं तर बशी खाली ठेवून टाळी दिली. तुम्ही हसला नाहीत. "दावं," असं पुटपुटलात, निबंधावर गुण टाकलेत आणि म्हणालात, "जा." वर्गातले सगळ्यात जास्त गुण होते ते. आबांना बोलावणं गेलं नाही. मी शिकले, पुढं याच शहरात इंग्रजी शिकवून पेन्शनीत निघाले, ते त्या दुपारी वाचले म्हणून. पण 'हा तुझाच आहे,' एवढं तुम्ही शेवटपर्यंत म्हणाला नाहीत.

पुढच्या वर्षी खालच्या वर्गातल्या मुली सांगत आल्या, सर आता फळ्यावर खुंटा काढून शिकवतात. आधी मला आनंद झाला, मग संताप आला. चोर मला म्हणालात आणि खुंटा तुम्ही नेलात. कुणाचा म्हणून विचारायची तुम्हाला केवढी घाई, आणि कुणाचा ते सांगायची वेळ आली तेव्हा फळ्याकडं तोंड.

हे पत्र पाठवायचं कुठं, हा प्रश्नच नाही. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. आजही काही मनासारखं लिहून झालं की त्याचे कच्चे कागद मी फाडत नाही. सुनेला वाटतं, म्हातारीला रद्दी साठवायची खोड. कपाटाचे दोन खण भरलेत. उद्या कुणी विचारलं, हे कुणी लिहिलं, तर दाखवायला असावेत म्हणून ठेवते. विचारणारं आता कुणी उरलेलं नाही, हे मला कळतं. हे पत्रही मी दोनदा खोडून लिहिलंय, आणि ते कागद आत्ताच कपाटात ठेवून आले.