नाल्यापलीकडची खोली

९ नोव्हें. १९६१, गुरु.
जालन्याहून बुलढाण्यात. धर्मशाळेत थोडेच दिवस राहू देतात, पुढं ट्रंक रस्त्यावर. सलोमीला सातवा महिना. निघताना मिशनच्या फादरांनी खांद्यावर हात ठेवला. "गरिबांत राहा मास्तर. स्वस्त जागा बघा, तिथूनच प्रचार सुरू करा." स्वतः बंगल्यात. स्वस्त जागा त्यांना कधी शोधावी लागलेली नाही.

१० शुक्र.
कोर्टामागे एका कारकुनाच्या दोन खोल्या. भाडं झेपण्यासारखं, नळ दारात. चहा झाला. आडनाव सांगितलं, गायकवाड. "कोणते गायकवाड?" ख्रिस्ती म्हटल्यावर चेहरा जरा सैलावला. मग, "ते झालं हो. त्याआधी कोण?" खोटं बोललो नाही. जागा लगेच मेहुण्यासाठी राखलेली निघाली. उतरताना पाहिलं, आमच्या कपबशा पायरीवर काढून ठेवल्या होत्या.
हे संपावं म्हणूनच आजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता!

१२ रवि.
आणखी दोन ठिकाणी तेच. एकानं तर विचारलंही नाही. सलोमीच्या गळ्यातला क्रूस बघूनच...
दुपारी नाल्यापलीकडं, बौद्धांच्या वस्तीत. भागाबाई म्हणून एक म्हातारी, एकटीच राहते, शेजारची पत्र्याची खोली भाड्यानं देते. तिनंही विचारलंच. म्हटलं, आम्ही मूळचे तुमच्यातलेच. खाटेवरून बघत राहिली.
"मंग छप्पन साली आमच्यासंगं काऊन नाई आले?"
मग तिची नजर सलोमीच्या पोटाकडं गेली.
"बाई दोन जिवाची हाये म्हून देते खोली. पन आमच्या पोट्ट्यायले तुमच्या देवाचं सांगाचं नाई. देव सोडून आमाले आता कुठं पाच वर्सं झाले."
हो म्हणालो. जागा मिळाली. ज्या कामासाठी आलो ते मात्र...

१८ शनि.
फादर जीपनं आले. खोली फार आवडली. "उत्तम! अगदी गरिबांत." म्हटलं, बाईला शब्द दिलाय. हसले. "आधी देवाला दिलाय ना? पुढच्या रविवारी इथंच मिस्सेची प्रार्थना करू. पोरांना बोलवा, मी मिठाई आणतो." विचारलं, आणि भागाबाईनं हाकललं तर? "देव बघेल." जाताना जीपचं चाक नाल्यात रुतलं. वस्तीतल्या पोरांनीच ढकलून काढलं. रविवारच्या मिठाईचं फादरांनी त्यांना तिथंच सांगून टाकलं.
सलोमी चिडलीय. "मिस्सा झाली तर मी आईकडं जाते, बाळंतपण झालं तरी परत नाही यायची. कोणत्या तोंडानं राहू हिच्या शेजारी? शब्द तुम्ही दिला होता, फादरांनी नाही."
बरोबर आहे. पण नोकरी त्यांच्या हातात.

२५ शनि.
पोरांना बोलावलं नाही. फादरांना येऊ नका म्हणूनही कळवलं नाही. आठवडा असाच घालवला. दोन्हीकडून पळपुटा.
संध्याकाळी भागाबाई सलोमीसाठी भाकर-ठेचा घेऊन आली. मी अंगण झाडत होतो.
"उद्या कोनी येऊन राह्यलं का?"
पाहुणे म्हणणार होतो. सलोमी बघत होती.
"फादर," म्हणालो. "प्रार्थनेला."
भागाबाईनं ताटली सलोमीच्या हातात दिली, पदर खोचला.
"येऊ द्या," म्हणाली. "मी तुमच्या दारात खाट टाकून बसते. पाह्यते, कोनतं पोट्टं आत जाते."