मामांची डावी करंगळी

३ मार्च, सोमवार
आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, ओटीत, नवीन टेबल आलं. जुनं पायाने पंप मारून वर न्यायचं, हे रिमोटवर चालतं. बटणं चौदा. कंपनीच्या इंजिनिअरने दुपारी दोन तास ट्रेनिंग ठेवलं होतं. गेलो नाही. एकवीस वर्षं मी पेशंट टेबलावर ठेवतोय. हात कुठे, पाय कुठे, पट्टा किती आवळायचा, हे मला आता टेबलाकडून शिकायचं? शिवाय जुनं टेबल स्टोअरला न्यायचं होतं. उचलायला चौघे होते, पण देखरेख कोण करणार?
संकल्प : मॅन्युअलची रोज पाच पानं.

५ मार्च, बुधवार
मॅन्युअल दोनशे बारा पानी. चित्रं बघितली. समजलं.
मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, पित्ताशयात खडे निघालेत. ऑपरेशन शुक्रवारी, आमच्याच ओटीत. बायको हवालदिल. तिला सांगितलं, मामांना मी स्वतः टेबलावर घेणार, काळजी सोड. तर विचारते, नवीन टेबल तुम्हाला नीट येतं ना? दुखावलो. दाखवलं नाही. जेवणही कमीच गेलं, दोनदाच वाढून घेतलं.

६ मार्च, गुरुवार, सकाळी ७.३०
कोणी यायच्या आत रंगीत तालीम. स्वतःच टेबलावर आडवा झालो आणि बटण दाबलं. डोकं खाली, पाय वर. रिमोट हातातून निसटून जमिनीवर. दुसऱ्या हॉस्पिटलमधून बदलून आलेल्या सिस्टरने मला सरळ केलं. टेस्टिंग चालू होतं, असं तिला सांगितलं. किती वेळ, म्हणाली. पुरेसा वेळ, म्हणालो.
तिने निळे जेल पॅड दाखवले. टाचेखाली, कोपराखाली ठेवायचे, म्हणजे नस दबत नाही. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांना ठीक आहे.

७ मार्च, शुक्रवार
मामा घड्याळजी. पन्नास वर्षं दुकान, आणि डावरे. टेबलावर येताना म्हणाले, जावईबापू, सरळ झोपवा, जन्मभर वाकूनच बसलोय. सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच.
डावा हात आर्म बोर्डवर ठेवला. कोपराखाली पॅड देऊ का, सिस्टरने विचारलं. चादरीची घडी पुरे, म्हणालो. मामांची कातडी नाजूक, म्हणून पट्टा सैल ठेवला. हा माझा अनुभव.
मग सर्जन म्हणाले, टेबल डावीकडे कलवा. दुसऱ्या प्रयत्नात बरोबर बटण सापडलं. खडे चिकटून बसलेले, तासाचे तीन तास झाले. मध्ये एकदा वाटलं, कापडाखाली वाकून हात बघावा. पण सर्जनना डिस्टर्ब नको. मग पुन्हा वाटलं. पुन्हा डिस्टर्ब नको.
शेवटी कापड काढलं. कोपर बोर्डवरून घसरून टेबलाच्या स्टीलच्या दांडीवर टेकलेलं. लाल खाच पडली होती. पटकन चोळली. सिस्टरने पाहिलं.

८ मार्च, शनिवार
पोट उत्तम. फक्त डावी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे, असं मामा म्हणतात. भुलीचा असर, मी सांगितलं. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, भुलीचा नाही. असेल त्यांचं मत.

१० मार्च, सोमवार
मामांनी घरून चिमटा मागवला. घड्याळाचा एक स्क्रू उचलून बघितला. पडला. बायकोने चादरीवरून शोधून दिला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर मामा म्हणाले, राहू दे. मग मला विचारलं, चहा झाला का.
टेबलातच दोष असणार. इंजिनिअर येऊन तपासून गेला. टेबल ठणठणीत. बाहेरून तसं दिसतच असतं.
इन्चार्ज सिस्टरने एक फॉर्म दिला. पहिली ओळ : पेशंटला टेबलावर कोणी ठेवलं? शांतपणे भरतो म्हणून घरी आणला.

११ मार्च, मंगळवार
'टीमने' असं लिहिलं. खोडलं. 'टेबलाच्या कलण्याने' असं लिहिलं. हे उत्तर त्या प्रश्नाचं नाही, हे नंतर लक्षात आलं. खोडलं. जागा संपली. नवीन फॉर्म मागावा लागणार.

१३ मार्च, गुरुवार
नसांचे डॉक्टर म्हणाले, कोपरात नस दबलीय. बहुतेक सुधारेल. काही महिने लागतील. बहुतेक, हा शब्द त्यांनी दोनदा वापरला.
कॉरिडॉरमध्ये बायकोने सरळ विचारलं, काय झालं होतं? मी रिमोटपासून सुरुवात केली. ती म्हणाली, टेबलाचं नका सांगू, तुम्ही काय केलंत ते सांगा.
सांगितलं. पॅड नको म्हणालो, पट्टा सैल ठेवला, बघावंसं वाटलं तरी बघितलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं आणि खोलीत जाऊन दार लावलं. मी बाहेर उभा. किती वेळ ते घड्याळात पाहिलं नाही.
मग आत जाऊन मामांनाही सांगितलं. ते हाताकडे बघत राहिले. म्हणाले, दुकानात येणारा प्रत्येक जण सांगतो, घड्याळ आपोआप बंद पडलं. माझ्या हातून पडलं, असं कोणी म्हणत नाही. मग म्हणाले, जरा पायजम्याची नाडी बांधता का? एका हाताने जमत नाही.
बांधली. गाठ दोनदा सुटली.

१४ मार्च, शुक्रवार
नवीन फॉर्मवर सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहिलं. सही, तारीख. राजीनामा मागितला तर काय बोलायचं, तेही आरशासमोर पाठ केलं. मग इन्चार्ज सिस्टरसमोर उभा राहिलो.
त्यांनी ड्रॉवर उघडला. तसाच फॉर्म. पहिल्या ओळीत माझं नाव. तारीख ८ मार्च. बदलून आलेल्या सिस्टरने त्याच दिवशी भरून दिलेला. त्याची प्रत वर पोचून चार दिवस झाले.
मग मला कशाला दिलात, विचारलं. तुम्हाला लिहायचं असलं तर, म्हणून दिला, म्हणाल्या.
भाषण तसंच राहिलं. माझा फॉर्म त्यांनी परत केला. मागची बाजू कोरी आहे, म्हणाल्या, वापरा.