उजव्या बाजूचा गडी

सौंसर,
२७ नोव्हेंबर १९५६

प्रिय दत्तोपंत,

नमस्कार पोचावा. या महिन्यापासून, नव्या राज्यरचनेने, तुझं नागपूर मुंबई राज्यात आणि माझं सौंसर मध्य प्रदेशात, तेव्हा नमस्कार सीमा ओलांडून येतो आहे, जपून घे. इकडे सगळे खुशाल. संत्री यंदा गोड आहेत. पाठवणार नाही, येऊन खा.

तुझ्या गिरणीच्या फुटबॉल संघाला उजव्या बाजूने धावणारा गडी हवा, सोबत कायमची नोकरी. आणि पांढुर्ण्याच्या बापूजींचा रवींद्र नागपूरच्या कॉलेजात गाजतो आहे. त्याला पारखून कळव, असं तू लिहिलंस. रविवारी पांढुर्ण्याचा सामना आमच्याशीच होता. पारखला.

मुलगा देखणा आहे, हा पहिला दोष. केसांना तेल फार. डावा पाय केवळ उभं राहण्यापुरता. वेग आहे, पण वेग हरणालाही असतो. त्याला कोणी गिरणीत ठेवत नाही.

इथवर लिहिलं, तर अनिल मागे उभा राहून वाचतो आहे. रवींद्रला अडवायचं काम आमच्याकडून त्याचंच होतं, हे सांगायचं राहिलं.

"बाबा, तेलाचं काय लिहून राहिले? गोलाचं लिहा ना."

तर गोल. मागून उंच चेंडू आला. दोघं खांद्याला खांदा लावून पळत होते. चेंडू डोक्यावर येताच अनिलने मान खाली घातली. रवींद्रने पळता पळता वर पाहिलं, चेंडू छातीवर घेतला आणि संपलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकत गोटमार खेळणारी ती पांढुर्ण्याची पोरं. येत्या दगडावरची नजर काढायची नाही, हे त्यांना बाराखडीआधी येतं. अनिलला मी गोटमारीला कधी जाऊ दिलं नाही. डोकं वाचलं, चेंडू गेला.

रवींद्रला घे. असा गडी तुला नागपूरभर मिळायचा नाही. हे लिहिताना मला तिळमात्र आनंद झालेला नाही.

सामना पाहायला तू स्वतः येशील, असं एकाला वाटलं होतं. त्याने त्यासाठी नवे बूट आणवले होते. तू त्याच्याबद्दल काही विचारलं नाहीस, म्हणून मीही लिहीत नाही. बूट पुसून फळीवर ठेवले आहेत.

वहिनींना नमस्कार.

अनिलचा बाप,
विनायक